मतदार रणांगणावर, मतपेटी गावात : अमेरिकी यादवीतली १८६२-६३ची निवडणूक

नोव्हेंबर १८६२. इलिनॉय राज्यातलं स्प्रिंगफील्ड म्हणजे अब्राहम लिंकनचं गाव. तिथल्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृहासाठी दोन वकील उभे होते आणि दोघंही लिंकनच्या घरोब्यातले. लेनर्ड स्वेट रिपब्लिकन; १८६०च्या शिकागो अधिवेशनात लिंकनला उमेदवारी मिळावी म्हणून जिवाचं रान करणाऱ्यांपैकी एक. समोर डेमोक्रॅट जॉन टॉड स्टुअर्ट. हा लिंकनच्या बायकोचा आतेभाऊ. लिंकनला वकिलीकडे वळवणारा, स्वतःची कायद्याची पुस्तकं त्याला वाचायला देणारा आणि पुढे त्याचा पहिला भागीदार तो हाच. स्टुअर्ट निवडून आला. अध्यक्षाच्या स्वतःच्या मतदारसंघानेच अध्यक्षाच्या पक्षाला नाकारलं, तेही युद्ध ऐन भरात असताना.

यादवीत झालेल्या निवडणुकीबद्दल बोलताना आपण लगेच विचारतो, लोकांनी कौल कोणाला दिला? माझ्या मते त्याआधी एक हिशेब मांडायला हवा : पेटीपर्यंत पोचलं कोण आणि पोचू शकलं नाही कोण? अमेरिकेतल्या या निवडणुकीचं जवळपास प्रत्येक वळण या हिशेबाने उलगडतं. युद्ध ज्यांच्या गुलामीवरून पेटलं ते सुमारे ४० लाख लोक तर मतदार यादीच्या आसपासही नव्हते, आणि बायकांचा प्रश्नच नव्हता. पण ज्यांना मत होतं त्या गोऱ्या पुरुषांपैकीही लाखो जण गावाबाहेर तंबूत पडून होते.

आधी एक शंका दूर करू. युद्ध चालू असताना निवडणूक घेतलीच कशाला? आपल्या राज्यघटनेत आणीबाणी लागू असेल तर लोकसभेची मुदत एकेका वर्षाने वाढवण्याची सोय आहे आणि १९७६ साली ती वापरलीही गेली. अमेरिकी घटनेत तशी पळवाट नाही. दर दोन वर्षांनी प्रतिनिधीगृह नव्याने निवडायचं, मग देश दुभंगलेला असो नाहीतर धडधाकट. तारखा मात्र त्या काळी ज्या त्या राज्याच्या. ओरेगॉनने जून १८६२मध्ये मतदान उरकलं, मेनने सप्टेंबरात, ओहायो, इंडियाना, पेनसिल्व्हेनिया, आयोवाने ऑक्टोबरात, न्यूयॉर्क आणि इलिनॉयने नोव्हेंबरात. न्यू हॅम्पशर, कनेक्टिकट यांची पाळी १८६३च्या वसंतात आली, केंटकीची ऑगस्टमध्ये आणि मेरिलँडची थेट नोव्हेंबर १८६३मध्ये. एकच सभागृह निवडायला सतरा महिने लागले. मधल्या काळात अँटीटम, फ्रेडरिक्सबर्ग, गेटिसबर्ग, व्हिक्सबर्ग या सगळ्या लढाया होऊन गेल्या. ओरेगॉनच्या मतदाराने जे युद्ध पाहून मत दिलं, ते मेरिलँडच्या मतदारासमोर उरलंच नव्हतं.

मतदानाची रीतही आजच्यासारखी नव्हती. सरकारी मतपत्रिका नावाची चीज तेव्हा नव्हतीच. पक्ष आपापल्या उमेदवारांची नावं कागदाच्या पट्टीवर छापून आणायचे, बऱ्याचदा रंगीत कागदावर. मतदाराने ती पट्टी आपल्या माणसाकडून घ्यायची आणि सगळ्यांच्या देखत पेटीत सोडायची. कोणाच्या हातात कुठल्या रंगाचा कागद आहे हे रस्त्यापलीकडून दिसायचं. केंटकीत तर कागदही नाही. तिथे मतदाराने कारकुनासमोर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं आणि कारकुनाने ते वहीत टिपायचं. शेजारी बंदूकधारी उभा असला की अशा मतदानाचं काय होतं, ते पुढे येईलच.

१८६२चा उन्हाळा उत्तरेला, म्हणजे लिंकनच्या युनियन सरकारला, वाईट गेला होता. बंडखोर दक्षिणेची राजधानी रिचमंड हाती येता येता निसटली, ऑगस्टमध्ये बुल रनच्या मैदानावर दुसऱ्यांदा मार बसला. लिंकनने जुलैत तीन लाख आणि ऑगस्टमध्ये आणखी तीन लाख माणसं मागितली. १७ सप्टेंबरला अँटीटमला निसटता विजय मिळाला आणि तेवढ्या भांडवलावर त्याने २२ तारखेला मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला : बंडखोर राज्यांतले गुलाम १ जानेवारीपासून मुक्त. दोनच दिवसांनी दुसरा हुकूम निघाला. सैन्यभरतीत आडकाठी आणणाऱ्यांना हेबियस कॉर्पसचं (अटक बेकायदा असेल तर न्यायालयाकडे दाद मागण्याच्या हक्काचं) संरक्षण नाही, त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटले चालतील. ऑक्टोबरातलं मतदान तीन आठवड्यांवर आलेलं. कुठल्याही गावच्या पुढाऱ्याने सांगितलं असतं, साहेब, एवढं मतदान होऊन जाऊ द्या. लिंकन थांबला नाही.

निकाल व्हायचा तोच झाला. ओहायोतल्या १९ जागांपैकी १४ डेमोक्रॅटांनी नेल्या, इंडियानातल्या ११ पैकी ७, इलिनॉयमधल्या १४ पैकी ९. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी होरेशियो सेमूर हा डेमोक्रॅट आला. सभापती गलुशा ग्रो स्वतःची जागाही राखू शकला नाही. एकूण सभागृहात डेमोक्रॅट सत्तरच्या वर गेले आणि रिपब्लिकन निम्म्याच्या खाली आले. गुलामी असूनही उत्तरेबरोबर राहिलेल्या सीमेवरच्या राज्यांतून आलेल्या वीसेक युनियनवाद्यांच्या, म्हणजे देश एकसंध राहावा म्हणणाऱ्यांच्या, टेकूवर त्यांचा कारभार चालणार होता. न्यूयॉर्कचं मतदान झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, लिंकनने सेनापती मॅक्लेलनच्या हकालपट्टीचा हुकूम काढला. हे मतदानाच्या आदल्या दिवशी करायचं नाही, इतकी व्यवहारबुद्धी त्याला होती.

१० नोव्हेंबरला लिंकनने आपल्याच पक्षाचा पुढारी कार्ल शुर्त्स याला पत्र लिहिलं आणि पराभवाची तीन कारणं दिली. एक, आमची माणसं युद्धावर गेली म्हणून गावात डेमोक्रॅटांचं बहुमत उरलं. दोन, डेमोक्रॅटांनी हे ओळखलं आणि साधून घेतलं. तीन, आमच्याच वर्तमानपत्रांनी सरकारला शिव्या घालून विरोधकांच्या हाती कोलीत दिलं.

हे स्पष्टीकरण खरं आहे, पण सोयीचंही आहे. इलिनॉय आणि इंडियानाचे सैनिक छावणीतून मत देऊ शकत नव्हते. आयोवाने सप्टेंबरात खास अधिवेशन घेऊन सैनिकांना ते जिथे असतील तिथे मत देण्याची मुभा दिली आणि तिथल्या सहाच्या सहा जागा रिपब्लिकनांना मिळाल्या. आयोवा तसंही त्यांचं पक्कं राज्य होतं, त्यामुळे या आकड्यावर फार भार टाकता येत नाही. गैरहजर सैनिकांत डेमोक्रॅट नव्हते असंही नाही. माझा कल असा की लोक खरोखर वैतागले होते आणि तो वैताग तोलून धरणारी माणसं गावात नव्हती. लिंकनने माणसांची गैरहजेरी बरोबर पकडली आणि लोकांचा वैताग सोडून दिला. हरलेला पक्ष कुठे वेगळं करतो?

सैनिकाला गावाबाहेर मत का देता येत नव्हतं याची गोष्ट पेनसिल्व्हेनियात सापडते आणि तिच्यात गंमत आहे. १८६१च्या ऑक्टोबरात लुझर्न काउंटीत सरकारी वकिलाच्या पदाची निवडणूक झाली. गावातली मतं मोजली तेव्हा चेस नावाचा उमेदवार पुढे होता. छावण्यांतली मतं आली आणि मिलर जिंकला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८६२ साली न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेप्रमाणे मतदाराने आपल्या वस्तीच्या विभागातच मत द्यायला हवं, सबब छावणीतली मतं बाद. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश जॉर्ज वुडवर्ड. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून पाहिलं तर त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. रेजिमेंटचे अधिकारीच मतदान अधिकारी, हाताखालचा शिपाई मतदार आणि पेटी तंबूत. ती मतं कितपत मोकळेपणी पडली, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं नाही. पण पुढच्याच वर्षी हे वुडवर्ड डेमोक्रॅटांतर्फे गव्हर्नरपदाला उभे राहिले. सैनिकांचं मत काढून घेणारा न्यायाधीश सैनिकांच्या आईबापांकडे मत मागायला गेला आणि पडला. ऑगस्ट १८६४मध्ये पेनसिल्व्हेनियाने घटनाच बदलून सैनिकांना मताधिकार दिला.

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, बरोबरीने राज्यांची विधिमंडळंही निवडली गेली होती. खरी पेचाची निवडणूक तीच ठरली, आणि ती या प्रकरणाची कमी सांगितली जाणारी बाजू आहे. इंडियानात गव्हर्नर ऑलिव्हर मॉर्टन रिपब्लिकन आणि नवं विधिमंडळ डेमोक्रॅटांचं. राज्याच्या पलटणींवरचा गव्हर्नरचा ताबा काढून घेण्याचा घाट १८६३च्या सुरुवातीला घातला गेला. गणपूर्तीला दोनतृतीयांश सदस्य लागत. रिपब्लिकन उठून निघून गेले, सभागृह ठप्प झालं, खर्चाची मंजुरी राहून गेली. मॉर्टनने पुन्हा अधिवेशन बोलावलंच नाही. सावकारांकडून कर्ज, सहानुभूतीदारांच्या देणग्या आणि वॉशिंग्टनच्या युद्धखात्याकडून आलेले अडीच लाख डॉलर यांवर त्याने जवळपास दोन वर्षं राज्य चालवलं. इलिनॉयचा गव्हर्नर रिचर्ड येट्स याने जून १८६३मध्ये दोन सभागृहांतल्या तारखेच्या वादाचं निमित्त साधून विधिमंडळ तहकूब करून टाकलं. मतदारांनी नीट कायदेशीर मतदान करून निवडलेली ही मंडळं. उत्तरेच्या लोकशाहीचं कौतुक सांगताना निवडणूक झाली हे सगळे सांगतात. निवडून आलेल्यांचं पुढे काय केलं, तिथे आवाज जरा खाली येतो.

सीमेवरच्या राज्यांत सारवासारवीचीही गरज वाटली नाही. केंटकीत गुलामी कायद्याने चालू होती आणि राज्य युनियनमध्येच होतं. ३ ऑगस्ट १८६३ला मतदान. तीन दिवस आधी उत्तरेच्या जनरल बर्नसाइडने लष्करी कायदा पुकारला. निष्ठेची शपथ घ्या, मग मत द्या. काही ठिकाणी तर विरोधी उमेदवाराचं नाव कारकुनाच्या वहीतूनच खोडलं गेलं. आता ती मतदानाची रीत आठवा. माणूस खोलीत येतो, दाराशी निळ्या गणवेशातला शिपाई उभा, आणि उमेदवाराचं नाव मोठ्याने उच्चारायचं आहे. बरेच लोक घरीच बसले असणार, त्यात नवल नाही. नऊच्या नऊ जागा युनियनवाद्यांना मिळाल्या. मेरिलँडमध्ये नोव्हेंबरात असाच शपथेचा हुकूम निघाला. गव्हर्नर ब्रॅडफर्ड हा युनियनचाच माणूस, पण त्याने जाहीर निषेध केला. लिंकनने हुकुमातला काही भाग सौम्य केला, शपथ मात्र ठेवली.

आणि लुइझियाना! न्यू ऑर्लिन्स एप्रिल १८६२मध्ये उत्तरेच्या ताब्यात आलं होतं. लष्करी गव्हर्नरने ३ डिसेंबरला दोन जागांसाठी मतदान घेतलं. बेंजामिन फ्लँडर्स आणि मायकल हान निवडून आले. यांना आत घ्यायचं की नाही यावर काँग्रेसने बराच काथ्याकूट केला आणि फेब्रुवारी १८६३मध्ये जागा दिल्या. त्या सभागृहाची मुदत ४ मार्चला संपत होती. बिचाऱ्यांना बाक गरम करायलाही वेळ मिळाला नाही.

या निवडून आलेल्यांनी एकत्र बसण्याचा दिवस उजाडला तो ७ डिसेंबर १८६३ला, आणि त्या दिवशी सगळं एका हजेरीपटावर येऊन अडलं. नवं सभागृह भरतं तेव्हा सभापती नसतो. आधीच्या सभागृहाचा कार्यवाह सदस्यांची नावं पुकारतो आणि ज्यांची नावं पुकारली गेली तेच सभापती निवडतात. कार्यवाह होता एमर्सन एथरिज, टेनेसीचा. माणूस युनियनचा, पण मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर लिंकनवर उखडलेला. मार्चमध्ये झालेल्या एका कायद्याने प्रमाणपत्राच्या मजकुराबद्दल बारीक अट घातली होती : सदस्य कायद्यानुसार रीतसर निवडून आला असं त्यात लिहिलेलं हवं. एथरिजने ठरवलं की ज्यांच्या प्रमाणपत्रात हा मजकूर तंतोतंत नाही त्यांची नावं गाळायची. मेरिलँड, मिझुरी, वेस्ट व्हर्जिनिया, कॅन्सस, ओरेगॉन. सगळी सरकारी बाजूच्या बहुमताची राज्यं. उलट लुइझियानातून आलेल्या सरकारविरोधी दावेदारांची नावं मात्र यादीत होती.

युद्धात लाखो माणसं खर्ची पडलेली आणि सत्ता जाणार ती कागदावरच्या एका ओळीपायी! सरकारी कचेरीत दाखला ‘नमुन्यात नाही’ म्हणून परत आलेल्या कोणालाही एथरिज ओळखीचा वाटेल. लिंकनला ऑक्टोबरातच याचा वास लागला होता. त्याने काही विश्वासू सिनेटरांना पत्रं लिहून सुचवलं की आपल्या राज्याच्या सदस्यांसाठी गव्हर्नरकडून जादा प्रमाणपत्रं करून घ्या, शब्द असे आणि असेच हवेत. ७ डिसेंबरला गाळलेली नावं घालण्याचे ठराव सभागृहातूनच आले, काही डेमोक्रॅटही एथरिजच्या मागे उभे राहिले नाहीत आणि डाव फसला. स्कायलर कोलफॅक्स १०१ मतांनी सभापती झाला.

आता दक्षिणेकडे वळू. बंडखोरांच्या कॉन्फेडरसीलाही काँग्रेस होती आणि १८६३मध्ये तिचीही निवडणूक झाली, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. तिथे पक्षच नव्हते. उमेदवार आपापल्या जिवावर उभे, त्यामुळे नाराजी एका झेंड्याखाली जमत नव्हती. पण नाराजी भरपूर होती. एप्रिल १८६२पासून सक्तीची लष्करभरती होती आणि वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला तीतून सूट होती. एप्रिल १८६३पासून शेतमालाचा दहावा हिस्सा सरकारजमा करायचा. त्याच महिन्यात राजधानी रिचमंडमध्ये बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली. (नाकेबंदीमुळे त्यांचा कापूस बंदरात अडकला आणि त्या टंचाईवर मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या काळातला शेअरबाजार फुगला. पण ती कथा निराळी.) नॉर्थ कॅरोलायनात आणि जॉर्जियात मतदारांनी बहुतेक जुने चेहरे घरी पाठवले.

तरीही अध्यक्ष जेफरसन डेव्हिसचं बहुमत टिकलं. कसं? केंटकी, मिझुरी, टेनेसी, लुइझियानाचा मोठा भाग हे प्रदेश उत्तरेच्या फौजांनी व्यापले होते. कॉन्फेडरसीने त्यांच्या जागा रद्द केल्या नाहीत. त्या राज्यांचे जे सैनिक दक्षिणेच्या छावण्यांत होते आणि जे निर्वासित दक्षिणेत पळून आले होते, त्यांची मतं घेऊन प्रतिनिधी निवडले. मतदारसंघ नकाशावर एकीकडे, मतदार दुसरीकडे आणि प्रतिनिधी रिचमंडमध्ये. डेव्हिसच्या कडक कायद्यांचे सर्वांत भरवशाचे पाठीराखे निघाले ते हेच. भरती वाढवा, धान्य जप्त करा, हेबियस कॉर्पस बाजूला ठेवा. यांचा हात वर. यातला एकही कायदा त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात लागू होऊ शकत नव्हता, कारण तिथे शत्रूचं राज्य होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं! ज्या जॉर्जियाच्या शेतकऱ्याचं धान्य जाणार होतं, त्याचा प्रतिनिधी हरकत घेत होता आणि केंटकीचा प्रतिनिधी त्याला देशभक्ती शिकवत होता. उत्तरेत सैनिक मतदार यादीत असूनही मोजले जात नव्हते. दक्षिणेत मोजले गेले, आणि त्यांच्या जोरावर न हरलेल्या भागांवर हरलेल्या भागांचे प्रतिनिधी राज्य करू लागले.

उत्तरेने मात्र १८६२चा धडा नीट गिरवला. १८६३मध्ये ओहायोच्या गव्हर्नरपदाला क्लेमेंट व्हॅलँडिगहॅम उभा होता. युद्धविरोधी डेमोक्रॅटांचा म्होरक्या, लष्करी न्यायालयाने दोषी ठरवून हद्दपार केलेला, प्रचार कॅनडातून करणारा. ओहायोने तोवर सैनिकांना मत दिलं होतं. त्यांची सुमारे ४१ हजार मतं त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या जॉन ब्रफला पडली आणि व्हॅलँडिगहॅमला सव्वादोन हजारांच्या आसपास. १८६४पर्यंत १९ राज्यांत सैनिक छावणीतून मत देऊ लागले. इंडियाना त्यात नव्हतं, कारण कायदा बदलणारं विधिमंडळ मॉर्टनने भरूच दिलं नव्हतं. तेव्हा १९ सप्टेंबर १८६४ला लिंकनने जनरल शर्मनला लिहिलं की इंडियानाच्या सैनिकांना, सगळ्यांना किंवा जमतील तेवढ्यांना, घरी जाऊन मत देऊ द्या. हा हुकूम नव्हे, असंही त्याने आवर्जून लिहिलं. अध्यक्षाने सेनापतीला केलेली विनंती म्हणजे काय असते ते शर्मनला कळत होतं. इंडियानात ११ पैकी ८ जागा रिपब्लिकनांकडे आल्या.

स्प्रिंगफील्डमध्येही १८६४च्या नोव्हेंबरात स्टुअर्ट पडला. शेल्बी कलम या तरुण रिपब्लिकनाने त्याला हरवलं. पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे हरलेले सदस्य मार्चपर्यंत बसून राहत, आणि त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. गुलामी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती जून १८६४मध्ये याच सभागृहात दोनतृतीयांश मतांअभावी पडली होती. मुक्तीच्या जाहीरनाम्यावर चिडून मतदारांनी निवडलेलं हे सभागृह. दुसरं काय होणार? नवं, भरभक्कम बहुमताचं सभागृह यायचं होतं. लिंकनने त्याची वाट पाहिली नाही. हरलेल्या डेमोक्रॅटांना आता मतदारांची भीती उरली नव्हती आणि काहींना नोकरी-पदांची गरज होती, हे त्याच्या माणसांनी हेरलं. ३१ जानेवारी १८६५ला पुन्हा मतदान झालं. डझनाहून जास्त डेमोक्रॅटांनी बाजूने मत दिलं, आणखी काही नेमके त्या दिवशी गैरहजर राहिले. ११९ विरुद्ध ५६. लागत होती त्याहून दोनच मतं जास्त. आठ वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या कर्तबगारीत या हरलेल्या आणि गैरहजर मंडळींचाही वाटा धरावा लागतो.

जॉन टॉड स्टुअर्ट त्या दिवशी हजर होता. त्याने विरोधात मत दिलं.